भाऊजी म्हणतात, ‘ते आपल्यासाठी नसतं’

प्रिय ताई,

आम्ही तिघं एडिसन, न्यू जर्सीला राहतो. मोठ्या दिरांनी भरलेल्या ग्रीन कार्डावर मुलगी पंधरा वर्षांची असताना इकडे आलो. साताऱ्याला हे सहकारी बँकेत होते, बी.कॉम. आहेत. इथे गोदामात रात्रपाळी करतात. मी किराणा दुकानात काउंटरवर असते. मुलगी कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि डॉक्टर व्हायचंच म्हणते. केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत बी मायनस आला, दुसऱ्या परीक्षेत सी प्लस. रात्री दोन-दोनपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटी बसलेली असते, बघवत नाही.

तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीने एक कागद दिला. मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे मेडिकल कॉलेजात राहून शिकायचं, राहणं-जेवण फुकट. भाऊजी म्हणाले, ‘ते त्या लोकांसाठी असतं, इथलं आरक्षण आहे ते. आपल्याला कोण घेतंय? त्यापेक्षा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, एमकॅटचा क्लास लाव, पैसे मी देतो.’ ह्यांचा राग निराळाच. अर्जात घरची परिस्थिती लिहायची आहे. ‘परक्यांपुढे दारिद्र्य मांडायचं नाही, आपण काय भिकारी आहोत?’ म्हणतात. मागच्या वर्षी ह्यांचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा इमर्जन्सीत डॉक्टरांशी सगळं बोलणं तिनेच केलं होतं, तेव्हापासून तिने हे डोक्यात घेतलंय. उन्हाळ्यात ती माझ्याच दुकानात काम करते, ते पैसेही घराला लागतात. शिवाय सहा आठवडे बाहेर राहायचं, ती शाकाहारी. काय करू?

— एक आई, एडिसन

*

अर्ज भरू द्या. हे आधीच सांगून टाकते, कारण हे असले अर्ज साधारण नोव्हेंबरात उघडतात आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होतात. घरातल्या चर्चेला तेवढी सवड नाही.

आता भाऊजींचं. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात, त्या सोडवून घेऊ. आपल्याकडच्यासारख्या राखीव जागा अमेरिकेत मेडिकलला नाहीत. होत्या, एके काळी. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा बाजूला ठेवल्या होत्या. ॲलन बाकी नावाच्या गोऱ्या उमेदवाराने त्यावर दावा लावला आणि १९७८मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या जागा रद्द केल्या. पुढे वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा म्हणून विचारात घेता येत होता. जून २०२३मध्ये हार्वर्डच्या खटल्यात तेही गेलं. त्यामुळे ‘इथलं आरक्षण’ म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर ते जुन्या बातमीवर मुरडतंय. शिवाय उन्हाळ्याच्या या कार्यक्रमात कुणाला मेडिकलची जागा मिळतच नाही. मिळते ती तयारी. दोन-तीन वर्षांनी, पदवी होत आली की, मुलगी मेडिकलला अर्ज करील तेव्हा तिचे गुण, तिचा एमकॅट आणि तिची मुलाखत यांवरच काय ते ठरेल.

दुसरी गोष्ट ‘त्या लोकांसाठी’ ही. हे बोलणं मी आपल्या मंडळींकडून गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेतही ऐकते. म्हणून जरा थांबून सांगते, कारण तुम्ही राहता तिथून अर्ध्या-पाऊण तासावर नेवार्क आहे आणि ही गोष्ट तिथली आहे.

१९६०च्या दशकात राज्याला नेवार्कमध्ये मेडिकल कॉलेज बांधायचं होतं. त्यासाठी शहराच्या सेंट्रल वॉर्डातली दीडशे एकरांपर्यंत जमीन घ्यायचा बेत होता. तिथे राहत होती मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं. त्यांची घरं पाडायची आणि तिथे जे कॉलेज उभं राहील त्यात त्यांची मुलं जवळपास नसणार, असा तो हिशेब. जुलै १९६७मध्ये नेवार्क पेटलं, २६ माणसं मेली. निमित्त पोलिसांनी एका टॅक्सीवाल्याला केलेल्या मारहाणीचं होतं, पण घरं जाण्याचा संताप आधीच साचला होता. पुढच्या वर्षी वस्तीतल्या लोकांनी सरकारशी वाटाघाटी करून करार पदरात पाडून घेतला: जमीन कमी घ्यायची, बांधकामात आणि हॉस्पिटलात स्थानिकांना काम द्यायचं, वस्तीला आरोग्यसेवा द्यायची, अल्पसंख्य विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षणात वाट करून द्यायची. १९६८मध्येच राज्याने ‘एज्युकेशनल अपॉर्च्युनिटी फंड’ काढला. गरीब घरच्या मुलांना तो पैसे तर देतोच, शिवाय कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात बोलावून त्यांचा पाया पक्का करून घेतो. ते मेडिकल कॉलेज आज रटगर्स विद्यापीठाचं आहे. तिथे उन्हाळ्यात मुलं येतात ती कुणाच्या मेहेरबानीवर नाही, हे भाऊजींना नेवार्कवरून जाताना जरूर सांगा.

देशभराचा हिशेबही असाच जुना आहे. १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचा अहवाल दिला. वाईट कॉलेजं बंद करा, असा त्याचा सूर होता आणि पुष्कळशी खरोखर वाईट होतीही. पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सातांपैकी पाच त्यानंतर बंद पडली. वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहॅरी एवढी दोन उरली. पुढची निदान पन्नास वर्षं बहुतेक कृष्णवर्णीय डॉक्टर याच दोन दारांतून बाहेर पडले. आजही लोकसंख्येत ते तेरा-चौदा टक्के आहेत आणि डॉक्टरांत जेमतेम सहा. लॅटिनो लोकसंख्येत १९ टक्क्यांच्या आसपास आणि डॉक्टरांत सात. आणि आपण? सगळे आशियाई मिळून लोकसंख्येत सात टक्के, डॉक्टरांत मात्र दर पाचांतला एक. तुमच्या दवाखान्यातली नावंच आठवून बघा. तेव्हा ‘अल्पसंख्य’ म्हणजे नुसते संख्येने थोडे असा हिशेब इथे चालत नाही. मेडिकल कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एएएमसीने, लोकसंख्येच्या मानाने डॉक्टरांत कोण कमी आहे हीच कसोटी २००३पासून ठरवून टाकली. त्या कसोटीत भारतीय बसत नाहीत आणि त्यात आपल्यावर काही अन्याय झालेला नाही.

मग तुमच्या लेकीचा संबंध येतो कुठे?

येतो, तो पगाराच्या पावतीवरून. या कार्यक्रमांचं मूळ १९८०च्या दशकाच्या अखेरीला सुरू झालेल्या एका योजनेत आहे. रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने पैसे दिले. न्यू ब्रन्सविकच्या हॉस्पिटलावर हेच नाव तुम्ही येता-जाता वाचत असाल. तेव्हा नावातच ‘मायनॉरिटी’ होतं. पुढे ते गेलं, मग दंतवैद्यक आलं आणि २०१६पासून नर्सिंग, फार्मसी वगैरे धरून ‘समर हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन प्रोग्रॅम’ असं नाव झालं. पात्रता फक्त वंशावर राहिली नाही. घरचं उत्पन्न कमी आहे का, कॉलेजात जाणारी ही घरातली पहिलीच पिढी आहे का, डॉक्टर कमी असलेल्या वस्तीतून मूल आलंय का, हेही पाहू लागले. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या जुन्या योजनेतही ‘आर्थिक किंवा परिस्थितीने मागे पडलेला’ विद्यार्थी हीच कसोटी आहे आणि तिथे उत्पन्नाची रेषा दारिद्र्यरेषेच्या दुपटीवर धरतात. २०२५च्या आकड्याने तीन माणसांच्या घराची दारिद्र्यरेषा २६,६५० डॉलर होती, म्हणजे दुप्पट ५३,३००. गोदामातला आणि काउंटरवरचा पगार मिळून तुम्ही या रेषेच्या आसपास असाल असा माझा अंदाज आहे. टॅक्सचा कागद काढून बघा.

मैत्रिणीने दिलेला कागद कोणत्या वर्षाचा आहे हेही बघा. २०२५पासून वॉशिंग्टनचं वारं फिरलंय. अशा बऱ्याच कार्यक्रमांनी नावं बदलली, नियम बदलले, काही बंदच पडले. कॉलेजच्या नोटीसबोर्डावरचा पिवळा पडलेला कागद बघून अर्ज करू नये. यंदाचं पान उघडून पात्रतेचा परिच्छेद मुलीने स्वतः वाचावा आणि शंका असेल तर तिनेच कार्यालयाला ईमेल करावी. तुम्ही नाही, भाऊजी तर नाहीच. ग्रीन कार्ड आहे, हे उत्तम. (एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळालेल्या व्हिसावर असलेल्या मुलांच्या आयांची पत्रं मला येतात. त्यांना बहुतेक ठिकाणी हा दरवाजा बंद असतो, हे इथेच सांगून ठेवते.)

अर्ज भरताना दोन ठिकाणी घोटाळा होऊ शकतो. वंशाच्या रकान्यात ‘एशियन इंडियन’ला खूण करायची, दुसरं काही नाही. ‘कॉलेजात जाणारी पहिली पिढी’ या चौकटीलाही खूण करायची नाही. तुमचे मिस्टर बी.कॉम. आहेत आणि पदवी साताऱ्याची असली तरी पदवी ती पदवीच. ‘इथे तिला कोण विचारतंय’ असा युक्तिवाद करणारे भेटतील, ऐकू नका. खरी असलेली गोष्ट पुरेशी आहे.

आणि ती खरी गोष्ट लिहायलाच तर तुमच्या मिस्टरांचा विरोध आहे. मला त्यांचा राग आला नाही. बँकेत ज्या माणसाने लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले, त्याला स्वतःचं उत्पन्न दुसऱ्याच्या टेबलावर ठेवणं जड जाणारच. पण त्यांना एक जुनी हकिगत सांगावीशी वाटते. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये बोटीने आल्या आणि राहिल्या त्या रोझेलला, कारपेंटरबाईंच्या घरी. तुमच्याकडून गाडीने फार लांब नाही ते गाव. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजने त्यांना शिष्यवृत्ती दिली, इतरांनीही हातभार लावला आणि त्या १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. इथवर आपल्याला ठाऊक असतं. त्याच कॉलेजातून १८६७मध्ये रिबेका कोल पदवीधर झाल्या होत्या, अमेरिकेच्या दुसऱ्या कृष्णवर्णीय महिला डॉक्टर. आणि १८८९मध्ये सुझन ला फ्लेश, नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीच्या. मूळ अमेरिकनांमधल्या त्या पहिल्या महिला डॉक्टर आणि वर्गात पहिल्या आलेल्या. सुझनच्या शिक्षणाला कनेक्टिकटच्या बायकांच्या एका संघटनेने आणि सरकारी खात्याने पैसे दिले. त्यासाठी तिला आपली परिस्थिती कागदावर मांडावी लागलीच असणार. परत जाऊन तिने आपल्या जमातीच्या हजारभर माणसांवर उपचार केले. आनंदीबाईंनीही पत्र लिहून मदत मागितली होती. त्यांना कुणी भिकारी म्हणत नाही.

तरीही ‘आम्ही गरीब आहोत’ असं लिहायला मी मुलीला सांगणार नाही. तसे निबंध वाचून वाचून निवड करणारे कंटाळलेले असतात. तिने इमर्जन्सीची ती रात्र लिहावी. बाबांचा हात टॉवेलात गुंडाळलेला, डॉक्टर विचारतायत टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं, बाबा मराठीत सांगतायत आणि ‘बोटाला मुंग्या येतात’ हे इंग्रजीत कसं सांगायचं ते तिला सुचत नाही. असं काही झालं असेल तर तेच, जसं झालं तसं. मग दोन ओळी: बाबा रात्रपाळी करतात, मी संध्याकाळी दुकानात असते, अभ्यासाला बसते तेव्हा किती वाजलेले असतात. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मिस्टरांनाच वाचून दाखवा. मेडिकलच्या मुख्य अर्जातही पूर्वी ‘तुम्ही स्वतःला वंचित समजता का’ असा प्रश्न असायचा. तो त्यांनी काढून टाकला आणि आता कुठल्या अडचणींतून आलात ते सांगा, एवढंच विचारतात. तो प्रश्न कुणाला तरी खटकला असणारच.

या निमित्ताने एक सांगून ठेवते. हॉस्पिटलने त्या रात्री दुभाषा द्यायला हवा होता. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलला तो फुकट द्यावा लागतो, फोनवर मराठी दुभाषाही मिळतो. ‘मुलगी आहे की’ म्हणून भागवून घ्यायचं नसतं. पुढच्या खेपेला मागून घ्या.

आता केमिस्ट्री. तुमच्या पत्रातली हीच ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. भाऊजींचं आरक्षण राहिलं बाजूला. मुलगी रात्री दोनपर्यंत एकटी बसते आणि गुण खाली येतायत, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

स्टॅनफर्डच्या डोनाल्ड बार यांनी २००८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजात आलेली अल्पसंख्य मुलं पहिल्या दोन वर्षांत बेत का सोडतात, हे त्यांनी मुलांनाच विचारलं. सगळ्यांत जास्त वेळा नाव आलं ते केमिस्ट्रीच्या वर्गाचं.  त्याआधी, १९७०च्या दशकात, बर्कलीला उरी ट्राइसमन या गणितज्ञाला एक कोडं पडलं होतं. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलं नापास होत होती आणि चिनी वंशाची मुलं वर येत होती. प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं ठरलेली: तयारी कमी, घरी वातावरण नाही, कष्ट करत नाहीत. ट्राइसमन मुलांच्या मागे वसतिगृहात गेला. कृष्णवर्णीय मुलं कष्ट करत होती, पण एकटी. खोलीचं दार लावून. चिनी मुलं आधी एकटी बसत आणि मग संध्याकाळी जेवताना उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. मग त्याने कार्यशाळा सुरू केल्या. मुलांना ‘शिकवणी’ न म्हणता कठीण गणितं द्यायची आणि एकत्र बसवायचं. निकाल बदलले.

तुमच्या टेबलाशी बसलेली मुलगी मला त्या दार लावलेल्या खोलीतली वाटते.

ही आपल्याही शिकण्याची खोड आहे, नाही म्हणायचं कारण नाही. अपेक्षित प्रश्नसंच, गाईड, घोकून घोकून पाठ करायचं, आणि अडलं तर क्लासच्या सरांना विचारायचं तेही सगळे गेल्यावर. शेजारच्याला आपलं अडलेलं दाखवायचं म्हणजे कमीपणा. इथल्या केमिस्ट्रीत पाठांतराने पहिली परीक्षा निघते, दुसरी निघत नाही. बी मायनसचा सी प्लस झाला तो बहुधा त्यामुळेच.

उन्हाळ्याच्या या कार्यक्रमांत काय होतं ते सांगते. मी इथल्या एका कॉलेजात मेडिकलला जाणाऱ्या मुलांना सल्ला देण्याचं काम करत आले, तेव्हा असे वर्ग मागच्या बाकावर बसून पाहिलेत. सकाळी ऑर्गॅनिक केमिस्ट्री, जीवशास्त्र, फिजिक्स, थोडी संख्याशास्त्राची ओळख. गुणपत्रिकेत याचं काही येत नाही. दुपारी कधी वॉर्डात डॉक्टरांच्या मागे, कधी निबंधाचं काम, कधी खोटी मुलाखत. शिक्षणाचं कर्ज म्हणजे काय, व्याज कसं चढतं, यावरही तास असतात. पण मला आठवतो तो फळ्यापुढचा वेळ. चार मुलांना एक फळा आणि एक प्रश्न: एवढं अमोनिया, एवढा ऑक्सिजन, आधी काय संपेल? एका मुलाने ग्रॅममध्येच भागाकार करून टाकला. दुसरी म्हणाली, ‘थांब, मोल कर आधी.’ तो म्हणाला, ‘का?’ आणि तिला सांगता येईना. पाठ होतं, कारण माहीत नव्हतं. दोघांनी मिळून समीकरण पुन्हा लिहिलं, गुणोत्तरं मांडली, तिसऱ्याने खडू हिसकावून घेतला. शिक्षक भिंतीला टेकून गप्प. एका प्रश्नाला बराच वेळ गेला आणि त्या चौघांना तो आता जन्मात अडणार नाही. तुमच्या लेकीला हे हवंय. एमकॅटच्या क्लासमध्ये ते मिळत नाही.

न्यू ऑर्लिन्सचं झेवियर विद्यापीठ घ्या. लहानसं आहे ते, मूळचं कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं कॅथलिक विद्यापीठ, पण कितीतरी वर्षं देशात सगळ्यांत जास्त कृष्णवर्णीय पदवीधर मेडिकलला तिथून गेले. गडगंज विद्यापीठांना ते जमलेलं नाही. तिथल्या केमिस्ट्रीवाल्यांनी १९७०च्या दशकापासून ठरवून घेतलं की, सगळ्या तुकड्यांना एकच टिपणं, एकच सराव. शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्गही घेतात. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात. बुद्धिमान मुलं वेचून आणली असं त्यांनी केलं नाही, आलेल्यांना गळू दिलं नाही.

या कार्यक्रमांनी चमत्कार होतो असं मात्र समजू नका. १९९८मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात जॉन्सन फाउंडेशनच्या त्या जुन्या योजनेचा हिशेब आला होता. भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्क्यांना मेडिकलला प्रवेश मिळाला, न घेतलेल्या अल्पसंख्य अर्जदारांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण सात टक्क्यांचा. उरलेलं काम मुलीलाच करायचंय.

आणि त्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबायचं कारण नाही. ज्या मैत्रिणीने कागद दिला तिलाच घरी बोलवा. आठवड्यातून एक संध्याकाळ दोघी-तिघी त्याच टेबलाशी बसू देत, पोहे तुम्ही करा. आणि केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांचे ‘ऑफिस अवर्स’ असतात, त्यात तिने जायलाच हवं. आपली मुलं तिथे जात नाहीत, सरांचा वेळ कसा घ्यायचा म्हणून. तो वेळ तिच्यासाठीच राखलेला असतो आणि पुष्कळदा प्राध्यापक रिकामे बसलेले असतात. जाताना ‘मला समजत नाही’ असं म्हणायचं नाही. चुकलेलं गणित घेऊन जायचं आणि इथपर्यंत आले, पुढे अडलं, असं सांगायचं. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा हेच प्राध्यापक उपयोगी पडतील. सी प्लस मिळवूनही दर आठवड्याला दाराशी येणाऱ्या मुलीबद्दल त्यांना लिहिण्यासारखं पुष्कळ असतं.

भाऊजींच्या एमकॅटच्या क्लासला प्रेमाने नाही म्हणा. एमकॅट साडेसात तासांचा पेपर आहे. ऑर्गॅनिक, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, मानसशास्त्र सगळं त्यात येतं आणि तुमच्या मुलीचं त्यातलं बहुतेक अजून व्हायचंय. पहिल्या वर्षी त्या क्लासवर हजारो डॉलर घालणं म्हणजे पैसे वाया. खान ॲकॅडमीने एमकॅटचे फुकट व्हिडिओ केले होते, वेळ येईल तेव्हा ते आहेत का बघा. एएएमसीच्या मदतीने आणि त्याच जॉन्सन फाउंडेशनच्या पैशातून केलेले आहेत ते. शिवाय एएएमसीची फी-सवलतीची योजना आहे. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत असेल तर एमकॅटची फी कमी होते आणि वीसपर्यंत कॉलेजांचे अर्ज फुकट जातात. तिघांच्या घराला चौपट म्हणजे एक लाखाच्या वर, त्यात तुम्ही आरामात बसाल. कॉलेजागणिक फी असते, तेव्हा ही रक्कम किरकोळ नाही. फक्त परीक्षेचे आणि अर्जाचे पैसे भरण्याआधी सवलत मंजूर करून घ्यायची असते, भरल्यावर परत मिळत नाहीत. भाऊजींना मदत करायचीच असेल तर उन्हाळ्यातला तिचा बुडणारा पगार त्यांनी द्यावा. तासाला १५ डॉलर आणि आठवड्याला २५ तास धरले तर सहा आठवड्यांचे सव्वादोन हजार होतात. क्लासपेक्षा स्वस्तात सुटतील. कार्यक्रमात हातखर्चाला थोडे पैसे मिळतात, पण ते पगाराची जागा घेणारे नाहीत, आणि त्या सहा आठवड्यांत दुसरी नोकरी किंवा दुसरा वर्ग बहुतेक ठिकाणी चालत नाही. तुमच्या दुकानाच्या मालकाला फेब्रुवारीतच सांगून ठेवा म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात तिची जागा शाबूत राहील.

जेवणाचं विचारलंत. मुली-मुली एका खोलीत, कॉलेजच्या भोजनगृहात जेवण. शाकाहारी मिळतं, भात-बीन्स-सॅलड-पिझ्झा या चालीचं. कंटाळेल, पण उपाशी राहणार नाही. राइस कुकर डॉर्ममध्ये बहुधा नेऊ देत नाहीत, मेतकूट आणि लोणचं नेता येतं.

आणि निवड झाली नाही तर? होऊ शकतं, अर्ज फार येतात. तेव्हा उन्हाळ्यात केमिस्ट्रीचा पुढचा विषय घाईत उरकायच्या नादाला लागू नका. बारा-पंधरा आठवड्यांचं सहा आठवड्यांत कोंबलेलं असतं, सी प्लसवाल्या मुलीला ते महागात पडेल. त्यापेक्षा गावच्या रेस्क्यू स्क्वॉडमध्ये चौकशी करा. न्यू जर्सीत स्वयंसेवकांवर चालणारी अशी पुष्कळ पथकं आहेत आणि स्वयंसेवकाच्या ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांच्या प्रशिक्षणाचा खर्च राज्याच्या निधीतून निघतो. रुग्णवाहिकेत बसून नाडी बघायची, रक्तदाब घ्यायचा, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं. मेडिकलच्या अर्जात याला किंमत आहे आणि दुकानातली नोकरीही सुटत नाही. पथकाला फोन मुलीनेच करावा. पहिल्या फोनवर घसा कोरडा पडेल, दुसऱ्यावर नाही पडणार.